अंगकोरची देवळे आणि तोन्ले सापचे पाणी

पाणसाठा

कंबोडियाविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक वेळा अंगकोर वाटच्या पाच शिखरांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. हिंदू राजे, विष्णूचे भव्य मंदिर, भिंतीवर कोरलेले समुद्रमंथन, मग जंगलाने गिळलेले नगर आणि एका फ्रेंच प्रवाशाने लावलेला त्याचा शोध, असा तो ठरलेला क्रम असतो. शोधाची गोष्ट सोडली तर यातले बरेचसे खरे आहे. परंतु इतकी देवळे बांधणाऱ्या, कोरणाऱ्या आणि त्यांत दिवाबत्ती करणाऱ्या माणसांच्या पोटाची सोय काय होती, हा प्रश्न त्यात कुठे येत नाही. नोकरीची सगळी वर्षे पाटबंधाऱ्यांच्या कामात गेल्यामुळे माझे लक्ष आधी त्याकडेच जाते. म्हणून हा धागा शिखरांविषयी कमी आणि पाण्याविषयी जास्त आहे.

कंबोडियाच्या मध्यभागी तोन्ले साप नावाचे विस्तीर्ण तळे आहे. उन्हाळ्याच्या शेवटी ते साधारण अडीच-तीन हजार चौरस किलोमीटरवर आक्रसते आणि बऱ्याच ठिकाणी त्यात माणसाच्या कमरेइतकेच पाणी उरते. या तळ्यातून त्याच नावाची नदी निघते आणि सुमारे १०० किलोमीटर वाहत जाऊन नॉम पेन्हपाशी मेकाँगला मिळते. पावसाळ्यात मात्र मेकाँगची पातळी इतकी चढते की तिचे पाणी या नदीत शिरते आणि नदी उलटी, म्हणजे तळ्याच्या दिशेने, वाहू लागते. जूनच्या सुमारास सुरू झालेला हा उलटा प्रवाह ऑक्टोबरच्या आसपासपर्यंत चालतो. तोवर तळ्याचा विस्तार चार-पाच पट झालेला असतो आणि खोली आठ-नऊ मीटरवर गेलेली असते. काठची मैलोगणिक झाडी पाण्याखाली जाते, त्या बुडालेल्या रानात मासे वाढतात, आणि पाणी ओसरू लागले की तळ्याची कड गाळाने माखून भातासाठी तयार होते. खतही आले, पाणीही आले आणि मासळीही आली. यासाठी कोणाला धरण बांधावे लागले नाही.

अंगकोर वसले ते या तळ्याच्या उत्तरेला, आणि तेही अगदी काठावर नव्हे. पूर जिथवर येतो त्याच्या थोडे वर, कुलेनच्या डोंगरापासून तळ्याकडे हळूहळू उतरत येणाऱ्या मैदानावर राजधानीची जागा धरलेली आहे. उतार किती, तर किलोमीटरला साधारण एक मीटर. ज्यांनी कालव्याची आखणी केली आहे त्यांना कळेल की पाणी वाहते ठेवायला आणि तरीही ते हाताबाहेर जाऊ न द्यायला इतका उतार फार सोयीचा असतो.

याच कुलेन डोंगरावर, म्हणजे तेव्हाच्या महेंद्रपर्वतावर, दुसऱ्या जयवर्म्याने इ. स. ८०२ मध्ये स्वतःला चक्रवर्ती म्हणवून घेणारा विधी करविला, असे अकराव्या शतकातला स्डोक काक थॉमचा शिलालेख सांगतो. तिथूनच निघणाऱ्या प्रवाहांच्या खडकाळ पात्रांत, क्बाल स्पिआन येथे आणि खुद्द कुलेनवर, शेकडो शिवलिंगे आणि शेषशायी विष्णू कोरलेला आहे. डोंगरातून शेताकडे जाणारा प्रत्येक थेंब लिंगांवरून वाहून जावा अशी ती योजना आहे. ती भक्तीची आहे की पाणलोट क्षेत्रावर राजाने केलेल्या मालकीच्या शिक्क्याची, असे कोणी विचारले तर मी म्हणेन की त्या काळात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नसाव्यात.

पहिला इंद्रवर्मा ८७७ मध्ये गादीवर आला आणि पाच दिवसांच्या आत तलावाचे काम सुरू करीन, अशी त्याची प्रतिज्ञा लेखात नोंदलेली आहे. त्याच्या इंद्रतटाकाची लांबी ३.८ किलोमीटर आणि रुंदी ८०० मीटर होती. त्याचा मुलगा यशोवर्मा याने साडेसात किलोमीटर लांबीचा पूर्व बराय बांधला, आणि अकराव्या शतकात पश्चिम बराय झाला, जो जवळजवळ आठ किलोमीटर लांब, दोन किलोमीटरहून अधिक रुंद असून सुमारे ५ कोटी घनमीटर पाणी साठवू शकत असे. बराय म्हणजे खणलेला तलाव नव्हे, हे मुद्दाम सांगतो. सपाट जमिनीवर चारी बाजूंनी मातीचे भराव घालून त्यांच्या आत पाणी अडवलेले असते, त्यामुळे पाण्याची पातळी भोवतालच्या शेतांपेक्षा उंच राहते. बांध फोडला किंवा दरवाजा उघडला की पाणी आपोआप खाली उतरते. मोट नको, रहाट नको. पश्चिम बरायच्या पश्चिम भागात आजही पाणी असते आणि त्यावर खालची शेती भिजते. पूर्व बराय कोरडा पडला असून त्याच्या तळात भात पिकतो. मधल्या बेटावरचे पूर्व मेबोनचे देऊळ, त्याच्या बोटी लागण्याच्या धक्क्यांसह, जमिनीवर उभे असलेले पाहून नवखा माणूस गोंधळतो.

अंगकोर वाटचा खंदक बहुतेक जण छायाचित्रातल्या प्रतिबिंबासाठी पाहतात. हा खंदक १९० मीटर रुंद असून त्याचा घेर साडेपाच किलोमीटरच्या आसपास भरतो. दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेले हे देऊळ खडकावर नाही, वाळूच्या भरावावर उभे आहे. भिजलेली वाळू दाबली गेली तरी जागा सोडत नाही, पण तीच कोरडी-ओली होत राहिली तर वरचे बांधकाम खचते. खंदक भरलेला असल्यामुळे भूजलाची पातळी फार हलत नाही आणि ६५ मीटर उंचीचे मधले शिखर तोलून राहते. पर्यटन वाढल्यावर सिएम रीप शहरातील हॉटेलांनी विंधनविहिरींतून बेसुमार उपसा सुरू केला, तेव्हा पुरातत्त्वज्ञ अस्वस्थ झाले ते याच कारणाने.

ही व्यवस्था मोडली कशी, हाही पाण्याचाच विषय आहे. अयुत्थया या सयामी (आजच्या थायलंडमधल्या) राज्याच्या सैन्याने १४३१ मध्ये अंगकोर घेतले, हे पाठ्यपुस्तकातले उत्तर आहे. व्हिएतनामच्या डोंगरांतील जुन्या वृक्षांच्या वाढवलयांवरून असे दिसते की चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे दीर्घ अवर्षणे आली आणि त्यांच्या मधूनच अतिवृष्टीची वर्षेही आली. शतकानुशतके वाढवत नेलेल्या कालव्यांच्या जाळ्याला कोरडेपणा कदाचित सोसला असता. कोरडेपणात दुर्लक्षित राहिलेले बांध आणि त्यांवर अचानक आलेला पूर ही जोडी सोसत नाही. थोम्मानोन देवळाजवळ स्पिआन थ्मा नावाचा दगडी पूल आहे. मोडलेल्या देवळांचे दगड वापरून तो बांधला, आणि पुढे नदीने पूल तसाच सोडून शेजारून नवे, खोल पात्र कापले. सिएम रीप नदी म्हणून आज जी दाखवतात तिचा बराचसा मार्ग माणसाने काढलेला कालवाच आहे, आणि काही ठिकाणी ती आपल्या जुन्या तळाच्या कित्येक मीटर खाली गेली आहे. अंगकोरच्या अखेरीबद्दल मला एकच जागा दाखवायला सांगितली, तर मी हा पूल दाखवीन.

जाणकारांनी भर घालावी.

अश्मक

लेख आवडला. शोधाच्या गोष्टीबद्दल थोडे लिहितो, कारण आपण ती कंसात टाकल्यासारखी सोडून दिली आहे. तो फ्रेंच प्रवासी आंरी मुओ १८६० मध्ये अंगकोरला पोहोचला तेव्हा अंगकोर वाटमध्ये बौद्ध भिक्षू राहत होते आणि पूजाअर्चा चालू होती. त्याच्या सव्वादोनशे वर्षे आधी, १६३२ मध्ये, एक जपानी यात्रेकरू तिथे येऊन गेला आणि त्याने खांबावर शाईने आपला मजकूर लिहून ठेवला, जो अजून पाहता येतो. राजधानी दक्षिणेकडे सरकली, जंगल वाढले, हे खरे. पण हे देवस्थान कधीच ओस पडले नव्हते.

शिलालेखांच्या बाजूने आणखी एक गोष्ट. राजे आपल्या तलावांची प्रशस्ती उत्तम संस्कृतात लिहवून घेत, यशोवर्म्याने तर पूर्व बरायच्या चारही कोपऱ्यांवर लेख बसवले. परंतु जमीन कोणाची, गुलाम किती, तांदूळ किती, हा हिशेब ख्मेर या तिथल्या लोकभाषेत असे. केवळ संस्कृत भाग वाचून कंबोडियाला ‘बृहत्तर भारत’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी हौस आहे, त्यावर हा उतारा आहे. देवांची नावे आपली आहेत म्हणून कर्तृत्वही आपलेच आहे, असे मानण्याचे कारण नाही.

सातव्या जयवर्म्याचा उल्लेख राहिला. तो ११८१ मध्ये राजा झाला आणि महायान बौद्ध होता. बायोन देवळातले हसरे चेहरे, ता प्रोम आणि प्रीह खान ही देवळे ही त्याची कामे. त्याने स्थापलेल्या १०२ आरोग्यशाळांची नोंद ता प्रोमच्या ११८६ च्या लेखात आहे, आणि प्रजेचे दुखणे राजाला स्वतःच्या दुखण्याहून अधिक जाचते, अशा अर्थाचा मजकूर त्या आरोग्यशाळांच्या लेखांत येतो. बायोनच्या बाहेरच्या भिंतीवर चंपाच्या (आजच्या व्हिएतनाममधल्या राज्याच्या) आरमाराशी झालेली लढाई कोरलेली आहे. होड्यांखाली मासे पोहत आहेत आणि पाण्यात पडलेल्या सैनिकांना सुसरी ओढत आहेत. चंपाची नौदले ११७७ मध्ये नदीतून चढून येऊन राजधानीवर तुटून पडली, अशी हकीकत चिनी नोंदींतून येते. म्हणजे जे पाणी अन्न देत होते त्याच पाण्याने शत्रूलाही वाट दिली.

मेकाँगकाठ

नोकरीनिमित्त नॉम पेन्हला राहणे झाले, त्यामुळे आजच्या काळातले लिहितो.

नदी पुन्हा सरळ वाहू लागते त्या सुमारास, कार्तिकी पौर्णिमेला, बोन ओम तूक हा जलोत्सव असतो. राजवाड्यासमोरच्या पात्रात तीन दिवस लांबलचक होड्यांच्या शर्यती चालतात. गावोगावच्या विहारांनी आपापली होडी सांभाळलेली असते आणि ती घेऊन अख्खे गाव शहरात उतरते. रात्री रोषणाई केलेले तराफे नदीत सोडतात, चंद्राला वंदन करतात आणि नव्या भाताचे पोहे केळे व नारळाबरोबर खातात. आपल्याकडे त्याच रात्री त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लागलेले असतात. २०१० च्या उत्सवात कोह पिच बेटाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन ३४० हून अधिक लोक मरण पावले, आणि ती आठवण शहरात अजून ताजी आहे.

उत्सवानंतरचे दोन-तीन महिने मला अधिक मोलाचे वाटतात. तळ्यातून उतरणारी बारीक मासळी नदीत आडव्या बांधलेल्या मोठ्या जाळ्यांच्या रांगांत सापडते आणि त्याच वेळी भात उत्पादक गावांतले लोक काठावर येतात. मासळीची डोकी काढून, तुडवून, धुऊन, मीठ लावून ती मडक्यांत मुरत ठेवली की प्रहोक तयार होतो. वास उग्र असतो, आणि ज्याला सुकटीचा वास सोसत नाही त्याने वाटेस जाऊ नये. पण वर्षभराच्या भाताला चव आणि गरिबाच्या ताटाला प्रथिने तोच देतो. देशातील गोड्या पाण्यातील मासळीचा निम्म्याहून अधिक वाटा तोन्ले सापच्या पाण्यातून येतो, हे लक्षात घेतले की अंगकोरच्या मजुरांना खायला कोण घालत होते, या आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

मात्र हे चित्र बदलत आहे. २०१९ आणि २०२० मध्ये उलटा प्रवाह उशिरा आला आणि अशक्त राहिला. पाऊस कमी झाला होता हे एक कारण, आणि वरच्या अंगाला चीन व लाओसमध्ये बांधलेली धरणे हे दुसरे. कोणाचा वाटा किती यावर वाद आहे. त्यातच मेकाँगमधील वाळूउपशाने पात्र खोल होत चालले आहे, आणि पात्र खोल गेले की तेवढ्याच पाण्यात पातळी कमी चढते. तरंगत्या गावांतील बऱ्याच व्हिएतनामी वंशाच्या कुटुंबांकडे नागरिकत्वाची कागदपत्रेही नाहीत, त्यामुळे मासळी घटली तरी त्यांना काठावर जमीन घेता येत नाही. पर्यटकांच्या बोटी त्यांच्या घरांसमोरून जातात. हा भाग माहितीपत्रकात नसतो.

शंकेखोर

पाणसाठा, आपली मांडणी सुबक आहे आणि म्हणूनच शंका येते. अंगकोर हे ‘जलनगर’ होते, बराय सिंचनासाठी होते आणि सिंचन बिघडल्याने राज्य बुडाले, हा सिद्धान्त फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बेर्नार-फिलिप ग्रोस्लिए यांनी विसाव्या शतकात मांडला. १९८० च्या दशकात त्यावर कडक टीका झाली, ती अशी की बरायमधून पाणी बाहेर काढण्याच्या सोयींचा पुरावा मिळत नाही, आणि लेखांत मालमत्तेच्या इतक्या याद्या असूनही पाणीवाटपाचा कारभार जवळजवळ येत नाही. बराय म्हणजे मेरू पर्वताभोवतीचा समुद्र, एवढाच त्याचा अर्थ का असू नये? शिवाय १२९६-९७ मध्ये अंगकोरला राहिलेल्या झोउ दाग्वान या चिनी प्रवाशाने शेतीचे वर्णन केले आहे, त्यात तळ्याच्या चढउतारावरची शेती आणि पाण्याबरोबर उंच वाढत जाणारे भात आहे. बायका बाजार चालवतात इतके बारीक निरीक्षण करणाऱ्या माणसाला मोठे कालवे दिसले नाहीत काय?

पाणसाठा

शंका योग्य आहे. टीका झाली तेव्हा जमिनीवरचा नकाशाच अपुरा होता. पुढे विमानातून घेतलेल्या रडार-प्रतिमा आल्या, २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लायडार (लेझर किरणांनी जमिनीची मोजणी) सर्वेक्षण झाले, आणि झाडीखालचे भराव, पाट व येण्या-जाण्याचे मार्ग दिसू लागले. सुमारे हजार चौरस किलोमीटरवर विरळ वस्ती, तिच्यात हजारो लहान गावतळी आणि त्यांना बांधणारे कालवे, असे चित्र आता पुढे आले आहे. बरायमधून पाणी बाहेर नेणारे मार्गही त्यात सापडले.

तरीही ग्रोस्लिए म्हणत होते त्याप्रमाणे दुसरे-तिसरे पीक या पाण्यावर निघत असे, असे मी म्हणत नाही. बरायचे पाणी मुख्यतः पावसाळी पिकासाठीच असावे, असा माझा कयास आहे. रोपे लावून झाली आणि श्रावणात पंधरा दिवस पावसाने ताण दिला, की अख्खे पीक जाते. तेवढे एक-दोन पाट दिले तर वाचते. आपल्या पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांचे काम हेच होते, आणि त्यांच्या काठीही देवळे आहेत. राहिला प्रश्न झोउ दाग्वानचा, तर तो शिष्टमंडळाबरोबर आलेला परदेशी माणूस होता. नवल वाटले ते त्याने लिहिले, आणि चीनमधून आलेल्या माणसाला कालव्याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते.

सिंचन की प्रतीक, असा निवाडा करण्याची मला गरज वाटत नाही. सातव्या जयवर्म्याच्या जयतटाकात मधोमध नेआक पोआनचे छोटे देऊळ आहे. मधल्या कुंडातून चार दिशांच्या चार कुंडांत प्राण्यांच्या आणि माणसाच्या कोरीव मुखांतून पाणी पडते आणि ते रोग हरते अशी श्रद्धा होती. तो तलाव अंगकोरची देखभाल करणाऱ्या अप्सरा प्राधिकरणाने अलीकडे पुन्हा भरला. २००९ आणि २०११ मध्ये सिएम रीपमध्ये पूर आला, त्यानंतर जुने कालवे व बांध दुरुस्त करून पुराचे पाणी बरायकडे वळवण्याचे काम झाले आणि त्याचा शहराला उपयोग झाला. निव्वळ प्रतीक असते तर ते चालले नसते.

सारसमित्र

या चर्चेत ख्मेर रूज या साम्यवादी राजवटीचा काळ यायला हवा, कारण ‘जलनगर’ ही कल्पना त्यांनीही उचलली होती. १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या काळात शहरे रिकामी करून लोकांना शेतावर जुंपले गेले. पूर्वजांनी अंगकोर बांधले, तर आपण देशभर कालवे काढून हेक्टरी तीन टन भात पिकवू, असा तो हट्ट होता. जमिनीचा उतार न पाहता कागदावर सरळ रेघा ओढून कालवे खणले गेले, जाणकार अभियंत्यांना शिकलेले म्हणून मारले गेले, आणि खणणारे उपाशी राहिले. पाऊण कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या देशात पंधरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, रोगाने आणि हत्यांमुळे गेली. राजनर्तक, वादक, छायानाट्य करणारे यांतलेही बहुतेक संपले. आज अप्सरा नृत्य दिसते ते वाचलेल्या मोजक्या गुरूंनी आठवणीतून पुन्हा उभे केले म्हणून.

वायव्येला त्रापेआंग थ्मा येथे त्यांनी हजारो लोकांना राबवून जुन्या अंगकोरकालीन जागेवर मोठा जलाशय करवून घेतला. आज तो सारस पक्ष्यांसाठी राखीव आहे. गोंदियातले सारस पाहिलेल्या माणसाला तिथे उभे राहून त्या पक्ष्यांकडे मोकळ्या मनाने पाहणे जमत नाही.

जांभा

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा उल्लेख कोणी केला नाही. ख्मेर रूजनंतर आलेल्या सरकारला पाश्चात्त्य देशांनी मान्यता दिली नव्हती. भारताने १९८० मध्ये दिली, आणि त्यातूनच १९८६ ते १९९३ या काळात आपल्या लोकांनी अंगकोर वाटची डागडुजी केली. भूसुरुंग आणि अस्थिर परिस्थिती यांत ते काम झाले. दगडांच्या रासायनिक सफाईवर पुढे बरीच टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. नंतर ता प्रोमचे काम मिळाले, ते अधिक अवघड, कारण तिथे झाड वाचवायचे तर भिंत जाते आणि भिंत वाचवायची तर झाड. कोकणच्या वाचकांसाठी एवढेच, की तिथल्या देवळांचा गाभा आणि तट आपल्यासारख्याच जांभ्याचे आहेत. कुलेनच्या पायथ्याचा वालुकाश्म वरून बसवला आहे, आणि तोही कालव्यांतून वाहून आणलेला.

पुढल्यावर्षी

सर्वांचे आभार. हे पाणी पाहायचे तर कोणत्या महिन्यात जावे? सगळीकडे डिसेंबर-जानेवारी सुचवतात.

मेकाँगकाठ

हवेसाठी डिसेंबर-जानेवारी चांगलेच आहेत, पण पाण्यासाठी ऑक्टोबरचा शेवट किंवा नोव्हेंबर निवडावा. तेव्हा तळे भरलेले असते, कॉम्पाँग फ्लुकची खांबांवरची घरे पाण्यात असतात आणि बुडालेल्या रानातून होडीने जाता येते. एप्रिलमध्ये तीच घरे दुमजली-तिमजली उंचीच्या खांबांवर चिखलात उभी दिसतात. झोळीवाले आणि चित्रबलाक पाहायचे असतील तर प्रेक तोआलचे पक्षी अभयारण्य, आणि त्यासाठी जानेवारी-फेब्रुवारी बरे. क्बाल स्पिआनला पाऊस नुकताच थांबलेला असताना जावे, कारण उन्हाळ्यात लिंगांवरून पाणी जवळजवळ वाहतच नाही. नॉम पेन्हहून सिएम रीपला विमानाऐवजी राष्ट्रीय महामार्ग ६ ने गेलात तर वाटेत कॉम्पाँग थॉमजवळ सातव्या शतकातील सांबोर प्रेई कुकची विटांची देवळे लागतात, आणि पुढे कॉम्पाँग क्डेई येथे जांभ्याच्या कमानींचा, नागांचे कठडे असलेला जुना पूल आहे. बाजूने वळणरस्ता होईपर्यंत महामार्गाची वाहने याच पुलावरून जात होती. गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर तो वळणरस्त्यानेच पुढे नेतो.